बॉडीशॉपमध्ये टीम करून काम: 'एक गाडी, एक डेंटर' ही रीत सोडावी का?

धातुमित्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या शॉपमध्ये प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर लिहा. दुसऱ्या कारखान्यात टीममध्ये राबणाऱ्यांनीही लिहा.

मी अपघाती गाड्यांच्या दुरुस्तीचं शॉप सांभाळतो. पत्र्याकडे ११ माणसं, रंगाकडे ५. आमच्याकडे पहिल्यापासून गाडी आली की एका डेंटरच्या नावावर चढते. उघडणं, ओढणं, वेल्डिंग, पत्रा काढणं, फिटिंग, सगळं त्याचं. जॉबकार्डावर जितके तास मंजूर, तितके त्याच्या खात्यावर, आणि पैसे त्या तासांवर. हेल्परला ठरलेला पगार.

ही रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. माणूस आपल्या गाडीवर जीव लावतो. पण मागच्या महिन्यात एका दुपारी वही घेऊन मी शॉपभर फिरलो. आत ३४ गाड्या होत्या आणि त्या घडीला हात लागलेला होता फक्त ९ गाड्यांना. बाकीच्या २५ का उभ्या आहेत ते एकेक करून विचारत गेलो. एक पुढून ठोकलेली हॅचबॅक होती. बंपर काढून एस्टिमेट केलं, पार्ट मागवले, ते सहा दिवसांनी आले. डेंटरने रेडिएटर पॅनेल काढलं तेव्हा दिसलं की त्यामागचा उजवा एप्रन (बोनेटखालचा आतला पत्रा) दाबला गेलाय आणि हेडलाइटचा ब्रॅकेटही तुटलाय. परत एस्टिमेट, परत विम्याच्या सर्व्हेअरची वाट, परत पार्टची वाट. तोवर गाडी लिफ्टवर तशीच, आणि डेंटरने दुसरी उघडली. ती अडली की तिसरी. एकेकाच्या नावावर तीन-चार गाड्या अशा पडलेल्या.

म्हणून चार-चार जणांची टीम करावी असं डोक्यात आहे: एक मुरलेला डेंटर, एक मधला, एक फिटर, एक शिकाऊ. गाडी टीमच्या नावावर आणि तासही टीमचे. आमच्या सगळ्यात जुन्या डेंटरला हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "माझ्या हाताचे तास मला मिळू देत, बाकी तुम्ही काहीही करा." त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. तासांची वाटणी कशी करावी, आणि चार हात लागलेल्या गाडीच्या वेल्डिंगला जबाबदार कोण धरायचा, इथे माझं अडलंय.

जुना_डेंटर

धातुमित्र, तुमच्या त्या डेंटरच्या जागी मी उभा राहिलोय, म्हणून लिहितो.

२६ वर्षं पत्र्यावर काढली. मधली काही वर्षं ज्या शॉपमध्ये होतो तिथे एका सोमवारी आम्हाला बोलावून सांगितलं, आजपासून टीम. आधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. सगळ्यांचे तास एकत्र करून चौघांत सारखे वाटायचे ठरले. लाँग मेंबर (गाडीच्या सांगाड्याचा लांब दांडा) ओढताना किती ताण द्यायचा, सोडल्यावर पत्रा किती मागे येणार, हे हाताला कळायला मला दहा वर्षं लागली होती. बंपर काढायला दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराइतकेच तास माझ्या खात्यावर पडायला लागले. त्या पोराचा काही दोष नव्हता. पण तीन महिन्यांत आमच्यातला सगळ्यात चांगला वेल्डर सोडून गेला आणि मागोमाग मी.

दुसरी गोष्ट. गाडीच्या तोंडाशी दोन माणसं कशीबशी मावतात. तिथे चौघं उभे केले तर दोघं काम करतात आणि दोघं पाना देतात. टीम म्हणजे एका गाडीवर चार माणसं असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते आजच काढून टाका.

कामगणित

माझा पत्र्याशी संबंध नाही, कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो. ३४ आणि ९ हे आकडे वाचून राहवलं नाही.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत असलेल्या कामांची संख्या म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले एका कामाला आत लागणारा वेळ. तुमच्याकडून रोज सरासरी ४ गाड्या बाहेर पडत असतील आणि आत ३४ असतील, तर एक गाडी सरासरी साडेआठ दिवस आत राहणार. माणसं टीममध्ये बसवा नाहीतर एकेकटी, हा हिशोब बदलत नाही. रोज ४ च बाहेर पडत असताना आतल्या गाड्या २० वर आणल्या, तर मुक्काम ५ दिवसांवर येतो.

तेव्हा टीम करायचीच असेल, तर एका टीमने एका वेळी किती गाड्या उघडायच्या याला मर्यादा घाला. अडलेली गाडी सोडून नवी उघडण्याची मुभा राहिली, तर आज एका डेंटरच्या नावावर चार गाड्या अडतात तशा उद्या टीमच्या नावावर बारा अडतील.

जुना_डेंटर यांच्या वाटणीच्या मुद्द्यालाही जुना आधार आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले होते. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला. पुढच्या काळातल्या प्रयोगांत असंही दिसलं की आपला वाटा वेगळा ओळखू येणार आहे हे माहीत असेल तर माणूस हात आखडत नाही. सारखी वाटणी नेमकं हेच पुसून टाकते.

पानाहातोडी

आमच्याकडे टीम चार वर्षं टिकून आहे. का टिकली, तर टीम करण्याआधी आम्ही गाडी उघडायची पद्धत बदलली. तुमची ती हॅचबॅक आमच्याकडे पूर्वी रोज असायची, म्हणून जरा लांबण लावतो.

गाडी धुऊन आत आली की पहिलं स्कॅन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून दोषांचे कोड वाचणं. कोणते कोड आहेत ते जॉबकार्डावर. मग टीमचा लीडर आणि फिटर मिळून ती पूर्ण उघडतात. पूर्ण म्हणजे पूर्ण. टॉर्च मारून "आत ठीक दिसतंय" हे चालत नाही. बंपर, त्यामागचं रीइन्फोर्समेंट, दोन्ही हेडलाइट, मडगार्डचे लायनर (चाकावरचं आतलं प्लास्टिक), गरज पडली तर फेंडर, कंडेन्सर मोकळा करून बाजूला. मार कुठून शिरला आणि कुठे जाऊन थांबला हे गाडी स्वतः सांगते. जोडावरच्या सीलंटला बारीक तडा असतो. स्पॉट वेल्डच्या भोवती रंग उडालेला असतो. दरवाजाची फट वरून सारखी येते आणि खाली अचानक अरुंद होते. हे दिसलं की मोजमाप घ्यायचं, नजरेवर सोडायचं नाही. बहुतेक ठिकाणी मूळ मापापासून फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा असतो, आणि कंपनीच्या पुस्तकात त्याहून कमी दिला असेल तर तोच धरायचा.

प्रत्येक गाडीला एक ट्रॉली. वरच्या कप्प्यात परत बसणारं सामान, खालच्यात बदलायचं. बोल्ट आणि क्लिपा पाकिटात, पाकिटावर मार्करने लिहिलेलं: "उजवा फेंडर, बोल्ट ५, क्लिप ३ पैकी १ तुटली". ती तुटलेली क्लिपसुद्धा त्याच दिवशी ऑर्डरमध्ये जाते. बोटाच्या पेराएवढ्या क्लिपेपायी तयार गाडी दोन-दोन दिवस दारात उभी राहिलेली मी पाहिली आहे. एकदाच वापरायचे बोल्ट कोणते, तेही याच वेळी पुस्तकात बघून लिहायचे.

पार्ट आले की खोक्यातून काढून जुन्याच्या शेजारी धरायचे. भोकं जुळतात का, ब्रॅकेट बरोबर आलेत का, सेन्सरची जागा तीच आहे का. हे शिकाऊ मुलगाही करू शकतो, आणि करताना गाडी शिकतो. सगळे पार्ट जुळल्याशिवाय कामाला सुरुवात नाही. अपवाद फक्त बेंचवर (गाडी बांधून ओढायच्या आणि मापायच्या चौकटीवर) ओढायच्या गाडीचा, तिचं ओढकाम आधी सुरू करतो.

उघडण्यात अर्धा दिवस जातो. त्याचे तास टीमच्या खात्यावर पडलेच पाहिजेत. आम्ही सुरुवातीला ते धरले नव्हते, त्यामुळे लीडर घाईत उघडायचे आणि मागचं झाकलेलं तसंच राहायचं. सर्व्हेअरलाही उघडलेली गाडी एकदाच दाखवतो, ट्रॉलीसकट. वाद जवळपास संपले.

रंगाचाहात

सगळे पत्र्यावरच बोलताय. रंगाकडची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

पत्र्याच्या टीम झाल्या की गाड्या लाटेने येतात. दोन दिवस प्रेप (रंगाआधीची तयारी) रिकामं, आणि शेवटच्या दिवशी एकदम सात. आमच्या बूथमध्ये (रंग फवारायच्या बंद खोलीत) एक खेप म्हणजे मास्किंग तपासणं, बेस (रंगाचा थर), मधला सुकण्याचा वेळ, क्लिअर (वरचा पारदर्शक थर), मग साधारण ६० अंशांवर अर्धा तास भट्टी, मग थंड होणं. मिळून दोन तास. दिवसाला चार खेपा, फार तर पाच. सातव्या गाडीला कितीही हात लावा, बूथ एकच आहे. म्हणून पत्र्याच्या टीमने काय सोडायचं आणि कधी सोडायचं हे सकाळी बूथकडे बघून ठरावं. रंगवाल्याला चौघांच्या टीममध्ये घालायची गरज नाही, पण सकाळच्या फेरीत तो हवाच.

आणि पत्रा आमच्याकडे देताना तो कसा असावा हे लिहून ठेवा. पुट्टीवर ८० नंबरच्या कागदाचे ओरखडे तसेच ठेवून गाडी ढकलली की सरफेसर (रंगाआधीचा थर) बसल्यावर ते खाली दिसायला लागतात. मग "रंगात दोष" म्हणून गाडी आमच्या नावावर परत. आमच्याकडे आता ठरलंय: पुट्टीची कड १८० ने मोडलेली, दारांच्या फटी मोजलेल्या, आणि देणाऱ्याची जॉबकार्डावर सही. घेणाऱ्याने हाताने पत्रा चाचपून घ्यायचा. डोळ्याला न दिसणारी लाट तळहाताला लागते.

एक कळकळीची विनंती. टीममध्ये काम झटपट व्हावं म्हणून मोकळा असेल त्याने बंदूक उचलून टचिंग मारायचं, असं होऊ देऊ नका. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा लागू शकतो. ताज्या हवेचा पुरवठा असलेला मास्क न घालता कुणीही फवारणी करता कामा नये, पाच मिनिटांचं काम असलं तरी.

नवी_फिटर

मी वाचनमात्र असते. जुना_डेंटर काका, तुमचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

मी पहिली दोन वर्षं एका उस्तादांच्या हाताखाली हेल्पर होते. माणूस मनाने फार चांगला. पण त्यांचे पैसे तासांवर, त्यामुळे मला शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्यांच्या खिशातून जायचा. दोन वर्षं मी बंपर काढले, पुट्टी घासली, झाडू मारला. मोजणीच्या बेंचला हात लावला नाही. नंतर जिथे गेले तिथे टीम होती. मी लायनर आणि हेडलाइट लवकर उघडून दिले तर लीडरला ओढकामाला वेळ मिळायचा आणि टीमचे तास वाढायचे. म्हणजे मला शिकवण्यात त्यांचाही फायदा होता. चौथ्या महिन्यात त्यांनी मला मापाची टोकं लावायला दिली. पहिल्या वेळी माझं एक टोक चुकीच्या भोकात होतं आणि माप ११ मिलिमीटर बाहेर दाखवत होतं. ते म्हणाले, "गाडी वाकडी आहे की तू? दुसऱ्या बाजूचं भोक बघ आधी." तेव्हापासून मी आधी दोन्ही बाजू बघते आणि मगच आकडा वाचते.

काका, तुमच्यावर अन्याय झाला तो सारख्या वाटणीमुळे. त्या वेळी तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला मात्र पहिल्यांदाच कोणीतरी काम दाखवत असेल.

जुना_डेंटर

नवी_फिटर, पटलं. तो पोरगा आज चांगला डेंटर आहे, अधूनमधून फोन करतो. वाटणी धड असती तर मीही सोडून गेलो नसतो.

पानाहातोडी

वाटणीचा आमचा हिशोब देतो. कुणाला उपयोगी पडला तर बघा.

प्रत्येकाला कौशल्याप्रमाणे गुणक: लीडर १.६, मधला १.२, फिटर १, शिकाऊ ०.६. आठवड्यात चौघंही ४८ तास हजर असतील तर गुणकाने गुणून ७६.८, ५७.६, ४८ आणि २८.८. बेरीज २११.२. त्या आठवड्यात टीमने जॉबकार्डावरचे २६० तास पूर्ण केले असतील, तर २६० भागिले २११.२, म्हणजे १.२३. या आकड्याने प्रत्येकाचे गुणकाने आलेले तास गुणायचे. लीडरला साधारण ९४.५ तास, मधल्याला ७१, फिटरला ५९, शिकाऊला ३५.५. फिटर एक दिवस आला नाही तर त्याचे ४८ चे ४० होतात आणि फरक आपोआप बाकीच्यांत जातो. काम त्यांनीच ओढलेलं असतं.

तीन गोष्टी मात्र पाळा. हा कागद भिंतीवर लावा, चौघांना दिसेल असा. आणि गुणक दर सहा महिन्यांनी तपासा. शिकाऊ वर्षभर ०.६ वरच राहिला तर तो जातो. पहिले तीन महिने लीडरला त्याच्या आधीच्या सरासरीपेक्षा कमी मिळणार नाही अशी लेखी हमीही द्या. आम्हाला दोनच आठवडे ती भरून द्यावी लागली.

कामगणित

उत्तम हिशोब. एक भर घालतो. टोयोटाच्या पद्धतीत साधारण पाच-सहा जणांमागे एक टीम लीडर असतो, आणि त्याला लाइनवर स्वतःची ठरलेली जागा नसते. कुणी अडलं आणि मदतीची दोरी ओढली की तिथे धावायचं, हे त्याचं काम. बॉडीशॉपमध्ये लीडर स्वतःही डेंटिंग करणार हे उघड आहे, पण त्याच्यावर पूर्ण दिवसाचं काम लादलं तर अडलेला माणूस त्याला हाक मारणार नाही. दिवसातला थोडा वेळ तरी मोकळा ठेवा. टीममध्ये काम करण्याचे इतर प्रकारही होऊन गेलेत. व्होल्वोने काल्मारला १९७४ मध्ये आणि उद्देवालाला १९८९ मध्ये टीमवर चालणारे कारखाने काढले. उद्देवालाला तर छोटी टीम अख्खी गाडी जोडायची. तो १९९३ ला बंद झाला, काल्मार त्यापुढच्या वर्षी. पण तिथे सगळ्या गाड्या नव्या आणि कोऱ्या असत. तुमच्याकडे प्रत्येक गाडी वेगळी मोडून येते. तेव्हा तिथलं सगळं उचलू नका.

सांधा

जबाबदारीचा प्रश्न अजून कुणी घेतला नाही. मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

२०१७ साली अमेरिकेत डॅलसच्या ज्युरीने एका प्रकरणात दुरुस्ती करणाऱ्या शॉपवर सुमारे ३.१५ कोटी डॉलरची जबाबदारी टाकली. गाडीचं छप्पर बदलताना कंपनीने सांगितलेल्या वेल्डिंगऐवजी ते चिकटवलं होतं. पुढे ती गाडी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, अपघात झाला, आतलं जोडपं गंभीर जखमी झालं. गाडी शॉपमधून बाहेर गेली तेव्हा वरून काहीच दिसत नव्हतं. रंग उत्तम होता.

म्हणून गाडी टीमच्या नावावर असू दे, पण सांधा एकाच्या नावावर हवा. प्रत्येक स्ट्रक्चरल जोडाला वेल्डरची सही, वेल्डिंगआधीचा आणि नंतरचा फोटो. त्याच जाडीच्या, त्याच जातीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर चाचणीचा वेल्ड मारून तो फाडून बघायचा. वेल्ड सुटला तर मशीनची सेटिंग चुकली. पत्रा फाटून वेल्डचं बटण (वितळून जुळलेला गोल ठिपका) जागेवर राहिलं तर पुढे जा. बी-पिलरसारख्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबासारख्या) जागी बोरॉन स्टील असतं, त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास. ते तापवून सरळ केलं की ताकद जाते आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. "लीडर नव्हता म्हणून मीच जरा गरम केलं" हे वाक्य टीममध्ये ऐकू येता कामा नये. त्यासाठी कोण काय करू शकतो याची यादी प्रत्येकाच्या नावाने लावा.

आणि शेवटचं स्कॅन, कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन (अचूक जुळवणी) कुणाकडे हेही आधीच ठरवा. बंपरच्या मागे रडार असेल तर त्या भागावर पुट्टी बहुतेक कंपन्यांना चालत नाही. पत्र्याकडच्या एकाला हे माहीत, रंगाकडच्याला नाही, असं टीममध्येच जास्त होतं. आमच्याकडे अशा बंपरला आतून मास्किंग टेपची लाल चौकट मारतात.

रंगाचाहात

लाल चौकट फार आवडली. उद्यापासून आमच्याकडेही.

धातुमित्र (धागाकर्ता)

मंडळी, नऊ आठवड्यांनी धागा वर काढतोय. प्रत्येक प्रतिसाद छापून शॉपमध्ये वाचला, त्यासाठी मनापासून आभार.

सगळं शॉप एकदम बदललं नाही. एकच टीम केली, तीही विचारून. आमचे जुने डेंटर लीडर व्हायला तयार झाले ते दोन अटींवर: लेखी हमी, आणि टीममधला शिकाऊ त्यांनी स्वतः निवडायचा. दोन्ही मान्य केल्या. एका वेळी चारच गाड्या उघडायच्या हे ठरलं. पहिले दोन आठवडे जड गेले. चारही अडलेल्या आणि माणसं रिकामी उभी, हे बघवत नव्हतं. मी पाचवी उघडू दिली. लगेच सहावी मागितली गेली. तिसऱ्या आठवड्यात परत चारवर आलो आणि रिकामा वेळ पुढच्या गाडीच्या पार्टची जुळणी तपासण्यात घातला.

आजच्या फेरीत आत २३ गाड्या होत्या. त्यांपैकी ११ वर हात. टीमच्या गाड्यांवर दुसऱ्यांदा एस्टिमेट पाठवायची वेळ नऊ आठवड्यांत तीनदाच आली. पूर्वी ती जवळपास प्रत्येक मोठ्या कामाला यायची. हमीची रक्कम चार आठवडे भरून द्यावी लागली, मला वाटलं होतं त्याहून जास्त.

जमलं नाही ते असं: परत आलेल्या कामाचे तास कुणाचे, यावर एकदा चांगलीच वादावादी झाली. दरवाजाची फट चुकली होती. ती गाडी चौघांनी हाताळलेली. शेवटी ठरवलं की दुरुस्ती टीमनेच, नव्या तासांशिवाय. सांध्याचा दोष असेल तर मात्र सही कुणाची ते आधी बघायचं.

जुना_डेंटर

आणि लीडर काय म्हणतात?

धातुमित्र (धागाकर्ता)

बोलत फारसे नाहीत. काल संध्याकाळी बेंचवर एक सेदान होती. ते बाजूला उभे होते, आणि शिकाऊ मुलगा मापाची टोकं लावत होता. वेळ संपून वीस मिनिटं झाली होती, दोघंही हलले नव्हते.

दुसरी टीम पुढच्या महिन्यात. तिच्यासाठी बूथची वेळ कशी वाटायची यावर रंगाचाहात यांच्याकडून अजून जाणून घ्यायचंय. वेळ मिळाला की सवडीने लिहा.